रविवारचं रान

रविवारी सकाळचे सात वाजले की रायपूरच्या त्या घरात एकच लगबग सुरू होते. आई इस्त्रीची साडी नेसून तयार असते, बाबा चष्म्याची काच तिसऱ्यांदा पुसत असतात आणि टेबलावर दोन पुस्तकं काढून ठेवलेली असतात – एक पवित्र शास्त्र आणि एक ‘उपासना संगीत’. चर्चमधली उपासना हिंदीतून होते, पण घरून निघण्यापूर्वीची छोटी प्रार्थना मात्र मराठीतच. बाबा 1978 साली रेल्वेच्या नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून इकडे आले आणि इथलेच झाले. मुलं छत्तीसगढी सफाईने बोलतात, पण जेवताना मीठ मागायचं आणि देवापाशी काही मागायचं ते मराठीतूनच, अशी त्या घराची रीत.

या लगबगीत गेली दोन-तीन वर्षं एक माणूस नसतो. तो म्हणजे धाकटा.

थोरला पुण्याला स्थायिक झाला. धाकटा रायपूरलाच एका बँकेत आहे. महिन्यातले दोन शनिवार त्याला सुट्टी असते. शुक्रवारी रात्री त्याची पाठपिशवी भरली जाते: कॅमेरा, हातभर लांबीची लेन्स, जादा बॅटऱ्या, टोपी, पाण्याची बाटली. शनिवारी पहाटे तो बाहेर पडतो आणि रविवारी रात्री धुळीने माखून परततो. कधी बारनवापारा, कधी उदंती-सीतानदी, जोडून सुट्टी मिळाली तर थेट बस्तरमधलं कांगेर खोरं राष्ट्रीय उद्यान नाहीतर मध्य प्रदेशातलं कान्हा. त्याचे फोटो प्रदर्शनात लागले आहेत, एका दिनदर्शिकेवरही आले आहेत. पण आईच्या लेखी त्या सगळ्या फोटोंवर एकच वार लिहिलेला असतो – रविवार.

“सहा दिवस बँकेचे, सातवा कॅमेऱ्याचा. मग देवाचा कुठला रे?” ती विचारी.

“आई, ते रानही त्यानंच केलंय ना?”

“केलंय की. पण तू तिथं त्याला भेटायला जातोस का वाघाला?”

यावर धाकट्याकडे उत्तर नसे. दरवाजा जरा जोरात लागे आणि घर दोन दिवस मुकं होई.

यंदा लेंटचे दिवस लागले, म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, तेव्हा आईने ठरवूनच सांगितलं, “एवढे तरी रविवार चर्चला ये.” नेमका तेव्हाच मोह फुलला होता. मोह फुलला की अस्वलं दिसतात आणि एका मोठ्या स्पर्धेसाठी धाकट्याला अस्वलाचाच फोटो हवा होता. पिल्लं पाठीवर घेतलेल्या मादीचा, समोरून, कोवळ्या उन्हातला. वादाला तोंड फुटणार तोच बाबा म्हणाले, “या खेपेला मी येतो तुझ्याबरोबर.”

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. चर्चच्या पंचमंडळातला माणूस लेंटमधल्या रविवारी जंगलात? बाबा एवढंच म्हणाले, “पोरगा कुठं जातो ते एकदा बघून तर येऊ.”

बारा फोटोंचा कॅमेरा

रायपूरहून बारनवापारा साधारण शंभर किलोमीटर. आरंग मागे पडलं की महानदीचा लांबच लांब पूल लागतो. मार्चअखेरीस नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. पुढे पटेव्याला महामार्ग सोडला की शेतं विरळ होत जातात आणि साग, साल, बांबू, तेंदू दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. बार आणि नवापारा या दोन वनग्रामांच्या नावांवरून या जंगलाला नाव पडलं. 1976 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 245 चौरस किलोमीटर, पण त्यात बिबट्या आहे, गवा आहे, चितळ-सांबर आहेत आणि अस्वलं तर हमखास. 2020 मध्ये आसामच्या मानसमधून रानम्हशीही इथं आणल्या गेल्या. रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी. आपल्याच राज्यप्राण्याचा वंश टिकावा म्हणून त्याला दुसऱ्या राज्यातून पाहुणे बोलवावे लागले, हे धाकट्याने वाटेत सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

शनिवारी संध्याकाळी जिप्सीतून पहिली फेरी झाली. धाकट्याचं हे रूप बाबांनी कधी पाहिलंच नव्हतं. घरी हाक मारली तरी ‘ओ’ न देणारा हा मुलगा इथं पान वाजलं तरी मान वळवत होता. चितळाने ओरडून दिलेला इशारा तो ओळखत होता, मातीतला ठसा सकाळचा की आताचा ते सांगत होता. बाबांना मनोमन कौतुक वाटलं. मात्र एक गोष्ट खटकली. गव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता तेव्हा कॅमेरा नुसता खडखडत होता. गवे गेले आणि धाकट्याने मान खाली घालून पडद्यावरचे फोटो बघायला सुरुवात केली. त्या कळपामागून एक वासरू धडपडत आलं, वाटेत थबकलं, गाडीकडे टकमक बघून पळालं. ते फक्त बाबांनी आणि गाईडने पाहिलं.

“किती काढलेस?” रात्री वनविश्रामगृहाच्या ओट्यावर बसल्यावर बाबांनी विचारलं.

“हजाराच्या वर असतील. उद्या गाळीन.”

बाबा हसले. “माझ्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, आठवतो? तू लहान होतास. एका रोलमध्ये बारा फोटो. नाताळात रोल घातला की ईस्टरपर्यंत पुरवायचा. तुझ्या बारशाचे दोनच फोटो आहेत, का ते माहीत आहे? उरलेले दहा तुझ्या आजीला गावी दाखवायला ठेवले होते. बटण दाबायच्या आधी दहा वेळा बघायचो. म्हणून ते बारा फोटो आजही डोळ्यांपुढे आहेत. तुझ्या हजारांतले किती राहतात रे?”

धाकटा काहीच बोलला नाही. अंधारात रातव्याचं ‘चक्-चक्-चक्’ सुरू झालं होतं आणि वाऱ्याबरोबर मोहाचा गोडसर, जड वास येत होता.

नांदगावची गाडी

थोड्या वेळाने धाकट्यानेच विषय काढला. “आईला वाटतं मी देव सोडला. तसं नाहीये, बाबा. पण चर्चच्या चार भिंतींत मला जे वाटत नाही, ते इथं वाटतं.”

नोकरीची पंचवीस वर्षं नागपूर-रायपूर मार्गावर काढलेल्या बाबांना एक गोष्ट सांगायची सवय होती. घरच्यांनी ती अनेकदा ऐकलेली. पण त्या रात्री तिचा अर्थ थोडा वेगळा लागला.

1890च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एक तिशीतला मराठी कवी बसला होता. नारायण वामन टिळक त्यांचं नाव. राजनांदगाव म्हणजे रायपूरच्या अलीकडे सत्तरेक किलोमीटरवर. तेव्हा ते एक संस्थान होतं आणि टिळक तिथं नोकरीच्या निमित्ताने निघाले होते. डब्यात एक गोरे पाद्री भेटले. गप्पा कवितेवर आल्या, धर्मावर आल्या आणि उतरण्यापूर्वी त्या पाद्र्यांनी टिळकांच्या हातात बायबल ठेवलं. टिळकांनी ते वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी येऊन ते थांबले. 1895च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे घरादाराची काय ताटातूट झाली, ते लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे आणि मराठी घरांतून ते आजही वाचलं जातं.

“ज्या प्रवचनानं टिळकांना धरून ठेवलं,” बाबा म्हणाले, “त्यात येशू काय करायला सांगतो? पाखरांकडे बघा म्हणतो. रानातल्या फुलांकडे बघा म्हणतो. बघा, एवढंच. तेव्हा तू रानात येतोस यात गैर काही नाही. माझी शंका निराळी आहे. तू इथं बघतोस की घेऊन जातोस?”

“फोटो काढल्यानं कुणाचं काय जातं?”

“कदाचित काही जात नसेल. तू सांग, तुला जास्त कळतं.”

धाकटा जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने एका फोटोची गोष्ट सांगितली. तो फोटो त्याने अनेकदा पाहिला होता. 1947 साली, याच राज्याच्या उत्तरेला असलेल्या कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव यांनी रात्रीच्या वेळी तीन चित्ते मारले. तिन्ही नर. शिकारीची आठवण म्हणून फोटो काढला गेला: तीन चित्ते जमिनीवर ठेवलेले आणि मागे बंदूक घेतलेले महाराज. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद झाली. भारतातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. 1952 मध्ये सरकारने चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. सत्तर वर्षांनी, 17 सप्टेंबर 2022 रोजी, नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये सोडण्यात आले.

“फोटो काढणाऱ्याला त्या रात्री ठाऊक नसणार, की आपण कसला फोटो काढतोय,” धाकटा म्हणाला. “पण तिथं बंदूक होती, बाबा. माझ्याकडे कॅमेरा आहे. फरक आहे.”

“आहे,” बाबांनी मान्य केलं. “आणि मोठा आहे.”

दोघे झोपायला गेले. पहाटे साडेचारचा गजर लावला होता.

मोहाखाली

मोहाचं फूल रात्री उशिरा आणि पहाटे गळतं. उजाडेपर्यंत झाडाखाली पिवळट-पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो. रसाळ, गोड, द्राक्षाएवढं फूल. इथल्या गावांसाठी ते वर्षाची बेगमी असतं. वाळवून साठवायचं, खायचं, विकायचं. टोपल्या घेऊन बाया-माणसं अंधारातच घराबाहेर पडतात. त्याच फुलांसाठी अस्वलही निघतं. हिवाळ्यात जन्मलेली पिल्लं या सुमारास आईच्या पाठीवर बसून हिंडायला लागलेली असतात. माणूस आणि अस्वल दोघंही एकाच वेळी, एकाच झाडाकडे, पोटासाठी. मोहाच्या दिवसांत अस्वलाने माणसाला जखमी केल्याच्या बातम्या येतात, त्या या गाठीमुळे.

जिप्सी एका वळणावर आली आणि गाईडने हात वर केला. “झन गोठियावव,” तो पुटपुटला. बोलू नका.

साठ-सत्तर पावलांवर मोहाचं मोठं झाड होतं. त्याखाली एक मादी मान खाली घालून फुलं हुंगत, फुर्रफुर्र करत खात होती. पाठीवरच्या दाट केसांत दोन पिल्लं घट्ट बसलेली. एक झोपलेलं, दुसरं कान टवकारून बघणारं. बाबांचा श्वास अडकला. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं.

धाकट्याचा कॅमेरा वर गेला, पण लगेच खाली आला. ऊन चुकीच्या बाजूला होतं. अस्वलाचं तोंड सावलीत, सगळा काळा गोळा दिसत होता. झाडाच्या पलीकडून एक कोरडा नाला जात होता. गाडी त्या बाजूला नेली असती तर ऊन पाठीशी आलं असतं. हवा होता तोच फोटो, अगदी तस्साच, मिळाला असता.

“जरा पुढे घ्या. नाल्याकडून,” तो चालकाला म्हणाला.

चालकाने गाईडकडे पाहिलं. गाईडने मान हलवली. “नको साहेब. तिची वाट अडेल.”

“दोनच मिनिटं. थोडीशी पुढे.”

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, चालकाने गाडी हलवली. चार-पाच हात गेली असेल नसेल, मादीने मान वर केली. पुढचे पाय उचलून ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. झोपलेलं पिल्लू घसरून खाली पडलं आणि किंचाळलं. मादीच्या घशातून असा आवाज आला की बाबांनी नकळत जिप्सीचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

धाकट्याचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता. बोट बटणावर होतं.

गाईड हळू आवाजात बोलला. रागाने नाही, नेहमीचं काही सांगावं तसं. “साहेब, आत्ता माझी आई आणि माझी बायको त्या नाल्यापलीकडे फुलं वेचत असतील. ही इथून उपाशी उठली, चिडून उठली, तर तिकडंच जाईल. आपण गाडीत आहोत. त्यांच्याकडे फक्त टोपली आहे.”

बाबांना त्या क्षणी शाळेतली एक कविता आठवली. नगरच्या शाळेत गुरुजींनी पाठ करून घेतलेली, टिळकांचीच – ‘केवढे हे क्रौर्य’. शिकाऱ्याने घायाळ केलेली एक पक्षीण पिल्लांसाठी चारा घेऊन तशीच घरट्याकडे धडपडत जाते, ती कविता. म्हणताना वर्गातली मुलं रडायची. तिथं मारणारा समोर दिसत तरी होता. इथं कुणी कुणाला मारणार नव्हतं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. एक हौशी मुलगा, एक चांगला फोटो आणि चार-पाच हात पुढे सरकलेली गाडी. तेवढ्याने नाल्यापलीकडच्या एका बाईचं काय झालं असतं?

बाबा काही बोलले नाहीत. मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, तोही ठेवला नाही. हे त्याचं त्यानंच ठरवायला हवं होतं.

धाकट्याने कॅमेरा खाली घेतला. “गाडी मागे घ्या,” तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

जिप्सी हळूहळू वळणापर्यंत मागे आली. इंजिन बंद झालं. मादी बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने पुढचे पाय टेकले, पडलेल्या पिल्लाला हुंगलं. ते केसांना धरून पाठीवर चढलं. आणि ती पुन्हा खाऊ लागली. वीस मिनिटं चौघे जण न बोलता बघत होते. दुरून, झाडांच्या फटीतून, सावलीतलं अस्वल. पोट भरल्यावर ती नाल्याच्या उलट दिशेला, डोंगराकडे निघून गेली.

थोड्या वेळाने नाल्यापलीकडून बोलण्याचे आवाज आले. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या चार-पाच बाया झाडाकडे आल्या आणि उरलेली फुलं वेचू लागल्या. “या झाडाकडे आम्ही उशिराच येतो,” गाईड म्हणाला. “ती खाऊन गेली की मग आम्ही.”

बाबांना जुन्या करारातला एक नियम आठवला. पिकाची कापणी करताना शेताचे काठ सोडून द्या, गळालेलं पुन्हा वेचू नका. ते गरिबासाठी, परक्यासाठी राहू द्या. हा नियम त्यांनी चर्चमध्ये किती वेळा वाचून दाखवला होता. पण तो पाळणारं कुणी समोर पाहिलं, ते आज.

सातवा दिवस

साडेआठ वाजता ते विश्रामगृहाच्या ओट्यावर परतले. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. “आता आई गायला उभी राहिली असेल.”

दोघेही उभे राहिले. बाबांनी प्रभूची प्रार्थना म्हटली आणि धाकट्याने, बऱ्याच महिन्यांनी, ती शब्दाला शब्द लावून म्हटली. चहाचे पेले घेऊन आलेला गाईड ते संपेपर्यंत पायरीशीच थांबला. मग म्हणाला, “आमच्यातही मोहाची पहिली फुलं देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही.”

परतीच्या वाटेवर गाडी धाकटाच चालवत होता. बाबा सावकाश बोलत होते, उपदेश म्हणून नव्हे, स्वतःशीच उलगडा करावा तसं.

शब्बाथाची आज्ञा सगळ्यांना माहीत असते – सातवा दिवस विश्रांतीचा. पण ती पुरती वाचली तर ती नुसती माणसाला सांगितलेली नाही. मुलगा-मुलगी, चाकर, दारातला परका आणि गुरंढोरं, सगळ्यांना विसावा द्यायला सांगितलेलं आहे. सातव्या वर्षी जमीनसुद्धा पडीक ठेवायची, तिच्यात आपोआप उगवेल ते गरिबांनी आणि रानातल्या जनावरांनी खावं. म्हणजे शब्बाथ म्हणजे काय? आपण हात आवरायचा, म्हणजे दुसऱ्याला पोटभर खाता येईल. चाळीस वर्षं बाबा रविवारी हात जोडत आले होते. हात आवरणं म्हणजे काय, हे त्यांना त्या मोहाखाली दिसलं.

“पावसाळ्यात ही जंगलं आपल्याला बंद असतात ना?” त्यांनी विचारलं.

“हो. आणि कान्हात बुधवारी दुपारीही सफारी नसते.”

“बघ. तुमच्या वनखात्यालाही शब्बाथ कळतो.”

धाकटा खळखळून हसला. महानदीचा पूल आला तेव्हा बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. 1868 मध्ये ऑस्कर लोर नावाचे जर्मन पाद्री रायपूरला आले आणि याच मुलखात त्यांनी मिशनचं पहिलं ठाणं वसवलं. त्याचं नाव विश्रामपूर. विसाव्याचं गाव. “किती वेळा त्या गावाला गेलो असेन,” बाबा म्हणाले, “पण नावाचा विचार कधी केला नव्हता.”

आणि लेंटचा विचारही नव्याने सुचत होता. येशू चाळीस दिवस अरण्यात होता, त्याची आठवण म्हणून हा उपवासकाळ. मार्काने ती हकिकत अवघ्या दोन ओळींत उरकली आहे, पण त्यात एक गोष्ट तो सांगायला विसरला नाही: येशू तिथं वनपशूंच्या सोबत होता. त्यांनी त्याला काही केलं नाही आणि त्याने त्यांना काही केलं नाही. तो नुसता त्यांच्यात होता.

“एक विचारू?” पुलावर बाबा म्हणाले. “गाडी मागे घ्यायच्या आधी एक फोटो तर काढता आला असता. बोट बटणावरच होतं. ती उभी होती, पिल्लू पायाशी. का नाही काढलास?”

धाकटा बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. “तो फोटो फार चांगला आला असता, बाबा. बक्षीस मिळालं असतं. मग पुढच्या वेळी मी पुन्हा गाडी तशीच पुढे घ्यायला लावली असती.”

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच होती. राग होता, पण जेवण गरम ठेवलं होतं. हातपाय धुऊन झाल्यावर ती म्हणाली, “दाखव बघू. बापाला घेऊन गेलास त्या अस्वलाचा फोटो.”

धाकट्याने कॅमेरा तिच्यापुढे धरला. पडद्यावर मोहाचं झाड होतं. खाली फुलांचा सडा आणि त्या सड्याच्या मधोमध फुलं नसलेली एक मोकळी, उकरलेली जागा. कडेला पाठमोऱ्या बाया, टोपल्यांवर वाकलेल्या.

आईने चष्मा लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. “यात अस्वल कुठाय?”

“जेवून गेलं,” बाबा म्हणाले.

मग जेवताना सगळी हकिकत तिला सांगितली गेली. ती ऐकत राहिली. नाल्यापलीकडच्या बायांचं आलं तेव्हा तिचा घास हातातच थांबला. शेवटी तिने धाकट्याच्या पानात न विचारता भात वाढला आणि एवढंच विचारलं, “तिची पिल्लं धड आहेत ना?”

स्पर्धेची मुदत निघून गेली. पुढच्या रविवारी धाकटा चर्चमध्ये होता. त्याच्या पुढच्या रविवारी नव्हता. मात्र दार जोरात लागलं नाही. झावळ्यांच्या रविवारी आणि ईस्टरला तो पुन्हा आईच्या मागच्या बाकावर येऊन बसला. त्याने स्वतःपुरता एक नियम केला आहे. जंगलात रविवारची पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय. पिशवी विश्रामगृहातच ठेवायची, नुसतं बघायला जायचं. सुरुवातीला हात शिवशिवतात म्हणतो. पण गव्याचं वासरू कसं धडपडतं, ते आता त्यालाही माहीत आहे.

तो मोहाच्या झाडाचा फोटो आईने मोठा करून घेतला. घरातल्या भिंतीवर, बारशाच्या दोन फोटोंशेजारी, तो लावलेला आहे. येणारा-जाणारा हमखास विचारतो, “हे कसलं झाड? आणि यात विशेष काय?”

आई शांतपणे सांगते, “यात आमच्या धाकट्यानं न काढलेला फोटो आहे.”

आणि पावसाळा सरून जंगल उघडलं की तिलाही एकदा जायचं आहे. तारीख धाकट्याने काढायची आहे. अट एकच, ती तिने आधीच घालून ठेवली आहे: रविवारी साडेआठला जिथं असू तिथं उभं राहायचं आणि मराठीतून गायचं. रानातली पाखरं बिचकणार नाहीत, इतक्या हळू आवाजात.